अँडुइनची खरी बहीण कोण: ऱ्हाईन की डॅन्यूब?

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अँडुइन नदी नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेला उतरते आणि अनेक मुखांनी समुद्राला मिळते. खऱ्या जगात तिची बहीण शोधायला बसलं की माझ्यापुढे दोन नद्या उभ्या राहतात.

ऱ्हाईनचा दावा एका धबधब्यावर उभा आहे, पण तो भक्कम आहे. कथेत आधी लांबट तळं, मग रॉरॉसचा धबधबा. ऱ्हाईनही कॉन्स्टन्स सरोवरातून निघते आणि शाफहाउझेनजवळ सुमारे 23 मीटर खाली कोसळते. शिवाय 1911 च्या उन्हाळ्यात तरुण टॉल्किन स्वित्झर्लंडचे डोंगर पायी फिरला होता. मात्र ऱ्हाईन वाहते उत्तरेला, आणि ही अडचण मला मोठी वाटते.

डॅन्यूब सुमारे 2,850 किलोमीटरची, ऱ्हाईनच्या दुपटीहून लांब. हंगेरीत ती एकदम दक्षिणेला वळते आणि बुडापेस्टच्या मधून जाते. अँडुइनच्या दोन्ही काठांवर वसलेलं कथेतलं ऑस्गिलियथ शहर इथे आठवतंच! पुढे सर्बिया आणि रोमानियाच्या सीमेवर 'लोखंडी दरवाजा' ही अरुंद घळ लागते. तिथल्या कड्यात कोरलेला डेसिबालस राजाचा प्रचंड चेहरा पाहून आर्गोनाथचे पाषाणराजे, म्हणजे कथेत अँडुइनच्या दोन्ही काठांवर उभे असलेले राजांचे महाकाय पुतळे, डोळ्यांपुढे येतात. पण ते शिल्प 2004 मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे त्याला प्रेरणा म्हणता येत नाही. शेवटी काळ्या समुद्रापाशी दलदलीचा, अनेक फाट्यांचा त्रिभुज प्रदेश.

मी डॅन्यूबच निवडते. धबधबा तेवढा ऱ्हाईनकडून घ्यावा लागेल.