बॅच फाइलमधली अर्ग्युमेंट आणि एन्कोडिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विंडोजवर यादी वाचून फाइलींच्या प्रती काढणं, नावं बदलणं, पायथनची एखादी स्क्रिप्ट चालवून तिचा लॉग ठेवणं अशा कामांना बॅच फाइल (ओळीओळीने आदेश लिहिलेली मजकूर फाइल, जी विंडोजचा सीएमडी हा प्रोग्राम चालवतो) अजूनही सगळ्यात हाताशी असते. वेगळं काही बसवावं लागत नाही आणि कुठल्याही मशीनवर ती तशीच चालते. काही महिने हाताने आणि टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय), दोन्हीकडून वापरल्यावरचं मत असं: भाषा खडबडीत आहे, पण मोडते ती बहुतेक वेळा दोनच जागी. बाहेरून अर्ग्युमेंट (स्क्रिप्ट चालवताना तिला दिलेली माहिती) आत येतं तिथे, आणि अक्षरांचे बाइट होऊन फाइलीत जातात तिथे, म्हणजे एन्कोडिंगमध्ये. या दोन जागा पक्क्या केल्या की मधला भाग त्रास देत नाही. (आदेशांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

आधी अर्ग्युमेंट. %१ ते %९ (पहिलं ते नववं अर्ग्युमेंट) आणि %* (सगळी एकत्र) सगळ्यांना माहीत असतात. अर्ग्युमेंट नेमकं कुठे तुटतं, हे मात्र बरेच जण गृहीत धरतात. स्पेस आणि टॅबवर तर ते तुटतंच, शिवाय स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचं चिन्ह यांवरही तुटतं. म्हणजे --आउट=निकाल असं दिलं की स्क्रिप्टला दोन अर्ग्युमेंट मिळतात आणि मधलं = गायब होतं. यावर भांडत बसण्यापेक्षा त्याचा फायदा घ्यावा. पर्यायाचं नाव सापडलं की किंमत पुढच्या अर्ग्युमेंटमधून उचलायची. मग वापरणाऱ्याने मध्ये = लिहिलं काय किंवा स्पेस दिली काय, दोन्ही चालतं. स्वल्पविरामांची यादी द्यायची असेल तर मात्र ती डबल कोटमध्येच द्यायला सांगावी.

दुसरा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा असा. आलेलं अर्ग्युमेंट लगेच व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, आणि ते या रूपात:

सेट "फाइल=%~१"

कोट सेट नंतर लगेच सुरू होतो आणि ओळीच्या शेवटी संपतो. %~१ मधली लहर बाहेरून आलेले कोट काढते, आणि बाहेरचे नवे कोट & | < > यांना निष्प्रभ ठेवतात. शिवाय ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेस किमतीत शिरत नाही. हेच इको %~१ असं थेट लिहिलं आणि नावात & असला, तर & नंतरचा तुकडा आदेश म्हणून चालवला जातो. फाइलीच्या नावातून आदेश चालणं ही साधी गैरसोय नव्हे, ते सुरक्षेचं भोक आहे. अर्ग्युमेंटच्या आत मधोमध डबल कोट आला तर हे रूपही पुरत नाही. फाइलीच्या नावात विंडोज डबल कोट चालू देत नाही, म्हणून फाइलींपुरतं भागतं. मोकळा मजकूर घ्यायचा असेल तर तो अर्ग्युमेंटने न घेता फाइलीतून घ्यावा.

एक्सप्लोररमधून फाइल ओढून स्क्रिप्टवर टाकायची सवय असेल तर हे लक्षात असू द्या: नावात स्पेस असेल तरच एक्सप्लोरर कोट घालतो. स्पेस नसलेलं पण & असलेलं नाव कोटाशिवाय येतं आणि स्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या आधीच तुटलेलं असतं. स्क्रिप्टच्या आत त्यावर साधा उपाय नाही. अशा फाइली येणार असतील तर ओढून टाकण्याऐवजी फोल्डरचं नाव घ्यावं आणि आत फॉर लूप चालवावा.

अर्ग्युमेंटच्या लूपमध्ये शिफ्ट (अर्ग्युमेंट एकेक जागा अलीकडे सरकवणारा आदेश) वापरताना दोन गोष्टी अडतात. शिफ्टचा %* वर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे «पहिलं सोडून बाकीची सगळी» असं हवं असेल तर ती लूपमध्येच जोडत न्यावी लागतात. आणि नुसत्या शिफ्टने %० (स्क्रिप्टचं स्वतःचं नाव) सुद्धा सरकतं, म्हणजे नंतर %~डीपी० विचारलं तर स्क्रिप्टच्या फोल्डरऐवजी अर्ग्युमेंटचं फोल्डर मिळतं. शिफ्ट /१ लिहिलं की %० जागेवर राहतं. लूप थांबवण्यासाठी "%~१"=="" ही तपासणी बहुतेक ठिकाणी पुरते; पण कुणी मुद्दाम रिकामं "" दिलं तर लूप तिथेच थांबेल आणि पुढची अर्ग्युमेंट वाचली जाणार नाहीत.

%~डीपी० ची दुसरी खोड जास्त महागात पडते. ते नेहमी बॅकस्लॅशने संपतं. ते कोटात घालून रोबोकॉपीसारख्या (फोल्डरांच्या प्रती काढणाऱ्या) प्रोग्रामला दिलं की शेवटी \" अशी जोडी तयार होते. विंडोजवर ओळ फोडण्याचं काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करतो, आणि सी रनटाइमच्या (बरेच प्रोग्राम वापरतात त्या सी भाषेच्या लायब्ररीच्या) नियमात \" म्हणजे मजकुरातला कोट. मग पहिला मार्ग संपतच नाही. पुढचा मार्ग आणि पर्याय त्याच्याच पोटात जातात. त्रुटीचा संदेशही भलत्याच मार्गाबद्दल येतो, म्हणून कारण लवकर सापडत नाही. उपाय एका टिंबाचा: "%~डीपी०." असं लिहा. शेवटचं टिंब म्हणजे तेच फोल्डर, आणि कोटाआधी बॅकस्लॅश उरत नाही.

आता डिलेड एक्सपान्शन, म्हणजे ओळ चालतानाच व्हेरिएबलची किंमत !नाव! असं लिहून वाचण्याची सोय. नमुना म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये ते पहिल्याच ओळीत चालू केलेलं असतं. ही सवय सोडावी. ते चालू असताना %१ किंवा %%एफ (फॉर लूपचं व्हेरिएबल) मधून आलेल्या नावात उद्गारचिन्ह असलं तर ते गिळलं जातं आणि «फाइल सापडत नाही» अशी तक्रार येते. बरोबर क्रम असा: ते बंद ठेवून किंमत व्हेरिएबलमध्ये घ्यायची, मग सेटलोकलने (याच्यापुढचे बदल एंडलोकलपर्यंतच टिकतात) चालू करायचं, !फाइल! असं वापरायचं आणि त्याच फेरीत एंडलोकल करायचं. एंडलोकल विसरलात तर सेटलोकलची खोली ३२ वर संपते आणि लूप तिथे मोडतो. या पद्धतीची किंमत एकच: आत वाढवलेला आकडा एंडलोकलबरोबर जातो, म्हणून मोजणी बाहेर करावी. एवढं सांभाळलं की !फाइल! हा व्हेरिएबल वाचण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, कारण त्यातली & ) ^ ही चिन्हं पुन्हा तपासली जात नाहीत. इफच्या कंसात %मार्ग% वापरला आणि मार्गात «प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)» असलं की शेवटचा कंस इफचाच समजला जातो आणि «वॉज अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम» येऊन स्क्रिप्ट थांबते; !मार्ग! ने हा प्रश्नच उरत नाही.

कॉलबद्दल (सबरूटीन, म्हणजे स्क्रिप्टचाच वेगळा तुकडा, चालवणारा आदेश) थोडक्यात. कॉल ओळ दुसऱ्यांदा उलगडतो: टक्के चिन्हं पुन्हा तपासली जातात आणि कोटातली कॅरेट (^) दुप्पट होतात. म्हणून सबरूटीनला किंमत न देता व्हेरिएबलचं नाव द्यावं आणि आत !%~१! असं वाचावं.

एन्कोडिंगचा भाग देवनागरी वापरणाऱ्यांना जास्त भिडतो. कन्सोलचं (आदेशांच्या खिडकीचं) कोड पेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा तक्ता, साधारणपणे ४३७ किंवा ८५० असतं, आणि जुन्या खिडकीवाल्या प्रोग्रामांचं १२५२. यांपैकी एकातही देवनागरी नाही. सीएचसीपी ६५००१ दिलं की कन्सोल यूटीएफ-८ वर येतो. बॅच फाइल एकेक ओळ करून वाचली जाते आणि त्या क्षणी चालू असलेल्या कोड पेजनेच तिचा अर्थ लावला जातो, त्यामुळे हा आदेश देवनागरीच्या पहिल्या ओळीच्या आधी असायला हवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (फाइलीच्या सुरुवातीला लागणाऱ्या एन्कोडिंगच्या खुणेशिवाय) सेव्ह करावी. बीओएमचे तीन बाइट राहिले तर ते पहिल्या आदेशाला चिकटतात, इको ऑफ ओळखला जात नाही आणि त्यानंतरची प्रत्येक ओळ पडद्यावर छापली जाते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून बीओएमशिवाय सेव्ह करतो. त्याआधीचा नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की बीओएम घालतोच. पॉवरशेल ५.१ चं नेमकं उलटं: त्याच्या स्क्रिप्टमध्ये देवनागरी असेल तर बीओएम लागतो, नाहीतर ती १२५२ समजून वाचली जाते. दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर एडिटरची एकच सेटिंग दोघींना लावू नका.

तरीही अनुभवाचा कौल असा की बॅच फाइल स्वतः साध्या आस्कीतच (नुसती रोमन अक्षरं, आकडे आणि नेहमीची चिन्हं) ठेवावी. लेबलं, व्हेरिएबलांची नावं, टिपा सगळं आस्कीत. देवनागरी मजकूर आणि नावं वेगळ्या यादीच्या फाइलीत ठेवून फॉर /एफ (फाइल ओळीओळीने वाचणारा लूप) ने वाचावीत. मग कुणी बॅच फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली तरी ती बिघडत नाही. यादीच्या फाइलीतही बीओएम नको. असला तर पहिल्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं, पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसतं, आणि फक्त पहिलीच फाइल सापडत नाही. फॉर /एफ रिकाम्या ओळी सोडून देतो, अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळीही सोडतो आणि स्पेसवर तोडतो; निदान "यूजबॅकक्यू डेलिम्स=" एवढं द्यायलाच हवं.

बिघडलेलं आउटपुट पाहून कारण ओळखता येतं, आणि ही ओळख फार वेळ वाचवते. चौकोन दिसत असतील किंवा जोडाक्षरं सुटी पडली असतील तर दोष बहुधा फाँटचा किंवा कन्सोलच्या चित्रणाचा. आउटपुट फाइलीत वळवून एडिटरमध्ये उघडा, बरोबर निघेल. क च्या जागी ग्रीक आल्फा आणि पाठोपाठ डोक्यावर खुणा असलेली रोमन अक्षरं दिसली तर बाइट शाबूत आहेत, ते ४३७ ने वाचले जात आहेत एवढंच. यूटीएफ-८ मध्ये क म्हणजे ई० ए४ ९५, आणि ४३७ मध्ये ई० ची जागा आल्फाची आहे. खात्री करायची तर सर्टयूटिल -एन्कोडहेक्स ने फाइलीचे बाइट पाहा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं. पण प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर गेला. कोड पेजमध्ये अक्षर नव्हतं म्हणून लिहितानाच त्याच्या जागी ? पडलं, आणि ते परत आणता येत नाही.

ही प्रश्नचिन्हं धोकादायकही असतात. डिर /बी (नुसत्या नावांची यादी देणारा आदेश) चं आउटपुट ४३७ मध्ये फाइलीत घेतलं तर देवनागरी नावं नुसती प्रश्नचिन्हं होतात. तीच यादी वाचून डेल (फाइल पुसणारा आदेश) चालवलं तर ? हे वाइल्डकार्ड (कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी खूण) आहे, आणि त्या नमुन्यात बसणारी भलतीच फाइल उडते. यादी वापरण्याआधी तिच्यात ? आहे का हे तपासणारी एक ओळ जरूर ठेवा. खऱ्या फाइलीच्या नावात ते असूच शकत नाही.

कोड पेज सेटलोकलने परत येत नाही. स्क्रिप्ट त्याच खिडकीत चालत असेल तर जुना आकडा आधी जपून ठेवावा आणि शेवटी परत लावावा. सीएचसीपीचा संदेश विंडोजच्या भाषेनुसार बदलतो, जर्मनमध्ये तर आकड्यानंतर टिंबही येतं. म्हणून कोलन (:) आणि टिंब दोन्ही विभाजक धरून दुसरा तुकडा घ्यावा. मधूनच एक्झिट /बी झालं तर परत लावणं राहून जातं, त्यामुळे मुख्य काम सबरूटीनमध्ये ठेवा, वर अर्ग्युमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या, सबरूटीन अर्ग्युमेंटशिवाय कॉल करा आणि तो परतल्यावर कोड पेज बदला.

पायथन जोडीला असेल तर एक फरक हमखास चकवतो. ३.६ पासून पायथन कन्सोलवर देवनागरी नीट छापतो, पण तेच आउटपुट फाइलीत किंवा पाइपमध्ये वळवलं की १२५२ वापरायला जातो आणि युनिकोडएन्कोडएरर देऊन पडतो. हाताने चालवताना सगळं ठीक आणि शेड्युलरमधून लॉग लिहिताना बंद, असं चित्र दिसतं ते यामुळे. ३.७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर पायथनयूटीएफ८ हे व्हेरिएबल १ करावं. शेड्युलरमध्ये «स्टार्ट इन» रिकामं असेल तर काम सिस्टिम३२ मध्ये सुरू होतं, म्हणून वर सीडी /डी "%~डीपी०" हवंच.

ओळींचे शेवटही सीआरएलएफच (विंडोजची दोन बाइटांची खूण) ठेवा. नुसत्या एलएफवर (लिनक्सची एका बाइटाची खूण) बॅच फाइल बहुतेक वेळा चालते, मग एखाद्या दिवशी चार ओळी वाढवल्यावर गोटूला (लेबलवर उडी मारणाऱ्या आदेशाला) लेबल सापडेनासं होतं, कारण लेबल वाचनाच्या तुकड्यांच्या सीमेवर पडतं. गिट वापरत असाल तर गिटअॅट्रिब्यूट्समध्ये बॅच फाइलींसाठी ईओएल=सीआरएलएफ लिहून टाका.

दुसऱ्या भाषेतून बॅच फाइल चालवायची असेल तर विशेष काळजी. विंडोज बॅच फाइलसाठी गुपचूप सीएमडी सुरू करतं आणि त्याचे कोटांचे नियम सी रनटाइमपेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने कोट केलेलं अर्ग्युमेंटही आदेश म्हणून चालू शकतं. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट भाषेने याच कारणाने १.७७.२ ही दुरुस्ती काढली, आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने शेलशिवाय बॅच फाइल सुरू करणंच बंद केलं. बाहेरच्या लोकांकडून आलेला मजकूर बॅच फाइलला अर्ग्युमेंट म्हणून कधीही देऊ नये.

नवी स्क्रिप्ट खऱ्या फोल्डरवर सोडण्याआधी एक चाचणीचं फोल्डर कायमचं तयार ठेवा. त्यात रिकाम्या फाइली अशा: एकीच्या नावात स्पेस, एकीत स्पेसशिवाय &, एकीत उद्गारचिन्ह, एकीत %, एकीत कॅरेट, एकीत कंस, एकीत स्वल्पविराम, एक अर्धविरामाने सुरू होणारी आणि एक जोडाक्षरांसह देवनागरीत. हे फोल्डरही स्पेस आणि कंस असलेल्या मार्गावर ठेवा. स्क्रिप्ट आधी नुसती नावं छापून पाहा, मग हाताने आणि शेड्युलरमधून अशी दोन्हीकडून चालवा, आणि दोन्ही लॉगचे बाइट एकमेकांशी एफसी /बी ने ताडून बघा.