मेटफॉर्मिन एसआर 500: एचआयव्हीसह साठी ओलांडलेल्यांना कितपत मानवते?

टाइप 2 मधुमेहात पहिली गोळी म्हणून मेटफॉर्मिनचं नाव आजही पुढे येतं, आणि एचआयव्हीसह म्हातारपण गाठलेल्यांसाठीही ते योग्यच आहे. 1957 पासून वापरात असलेलं हे औषध एकटं घेतलं तर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका अगदी कमी. उतारवयात चक्कर येऊन पडणं, खुबा मोडणं काय असतं हे जाणणाऱ्याला या गुणाची किंमत कळते. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दुसरी गोळी इथेच मागे पडते.

पण डोस ठरवण्याआधी एआरटीत, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांत, काय चालू आहे ते बघाच. त्यातलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध मेटफॉर्मिनला किडनीवाटे बाहेर पडताना अडवतं. रोज 50 मिग्रॅ डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्याच्या शरीराला मेटफॉर्मिन सुमारे 79 टक्के जास्त मिळतं. म्हणून दोन्ही सोबत असतील तर दिवसाला 1000 मिग्रॅच्या वर जाऊ नये. घोटाळा होतो तो एआरटी बदलताना. पेशंट आधीपासून 2000 मिग्रॅवर असतो, डोल्युटेग्राव्हिर सुरू होतं आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना कुणी कळवतच नाही. मग जुलाब, मळमळ, गळून जाणं सुरू होतं आणि खापर वयावर फुटतं. त्याच गटातल्या बिक्टेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनची वाढ कमी, 39 टक्क्यांच्या आसपास; राल्टेग्राव्हिरचा असा त्रास नाही.

याच डोल्युटेग्राव्हिरमुळे किडनी ठीक असूनही क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक) थोडं वाढलेलं दिसतं. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळणक्षमतेचा आकडा) 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करू नये आणि चालू असेल तर डोस कमी करावा, हे नियम पाळायचेच. पण आकडा सीमेवर असेल तर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घेतलेली बरी.

एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी रात्रीच्या जेवणासोबत, 500 मिग्रॅपासून. वाढवायची तर आठवडाभर थांबून. गोळी जाड असते, गिळायला त्रास होतो, तरी तोडू किंवा कुटू नका. औषध एकदम सुटतं. शौचात तिचं मऊ टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध आधीच शोषलेलं असतं.

पायांना मुंग्या येत असतील तर ‘एचआयव्हीची जुनी नस’ म्हणून सोडून देऊ नका. पूर्वी स्टॅव्ह्युडिन हे एचआयव्हीचं जुनं औषध घेतलेल्यांना नसांचा त्रास असतोच, पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी12 ही घटतं आणि ती कमतरता भरून काढता येते. एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) वरही डोळे झाकून विसंबू नये: एचआयव्हीत, विशेषतः अबाकाव्हिर हे एआरटीतलं औषध चालू असताना, तो खऱ्या शुगरपेक्षा कमी दाखवू शकतो. घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी सोबत ठेवा.

म्हातारपण लांबवणारी गोळी म्हणून हिचा जो गवगवा होतो, त्याला माणसांमध्ये अजून पुरावा नाही. मधुमेह नसताना त्यासाठी ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. भूक मंदावते, वजन उतरतं. अंगाने आधीच बारीक झालेल्याचे स्नायूही त्यासोबत जाऊ शकतात. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं जड जाऊ लागलं, तर फक्त शुगरचा आकडा बघून समाधान मानू नका.

उलट्या-जुलाब किंवा अंगातलं पाणी कमी करणारा ताप असेल तेव्हा गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचायचं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन ठरला असेल, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधीच सांगा. एआरटी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.