मिनी पीसी, माईकमधली घूं आणि आईचा तानपुरा – सहाएक महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी जुना टॉवर काढून इंटेल एन१०० वाला मिनी पीसी घेतला. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, टीव्हीच्या मागे बसतो, प्रोसेसर ६ वॉटचा त्यामुळे फारसा तापत नाही, फॅनचा आवाज नाहीच म्हटलं तरी चालेल. ब्राउझिंग, बँक, व्हिडिओ सगळं मस्त चालतं, त्यावर जास्त लिहीत बसत नाही. लिहायचंय ते माईकबद्दल, कारण आई याच्यावरून न्यू जर्सीतल्या मुलांना गाणं शिकवते (उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ) आणि ऑफिसच्या मीटिंगला जो आवाज खपून जातो तो गाण्याच्या क्लासला अजिबात चालत नाही.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की मागे सतत घूं ऐकू येतंय. कुठेही विचारा, पहिलं उत्तर एकच, ड्रायव्हर (साउंड चिप चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. पण आधी नॉइज कसला आहे ते बघा राव. शांत खोलीत, कोणी न बोलता, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा वेळ रेकॉर्डिंग करा आणि ॲनालाइझमध्ये जाऊन प्लॉट स्पेक्ट्रम (किती हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) उघडा. आमच्याकडे ५०, १०० आणि १५० वर सरळ सुळके उभे होते, म्हणजे ही विजेची घूं, आपली लाइन ५० हर्ट्झची असते. त्याशिवाय वरच्या बाजूला एक बारीक चिर्र, माऊसच्या चाकानं पान वरखाली केलं की ती बदलायची, थांबलं की थांबायची. ती डब्यातूनच येते, छोट्या बोर्डवर सगळं दाटीवाटीनं बसवलेलं असतं आणि प्रोसेसरला काम लागलं की त्याचा खडखडाट माईकच्या लाइनीत उतरतो. या दोन्हीला ड्रायव्हर काय करणार?

घूंचं मूळ निघालं टीव्हीच्या मागे. मिनी पीसीचा अडॅप्टर दोन पिनचा, त्यामुळे डब्याच्या धातूच्या कडेला हात लावला की हलक्या झिणझिण्या यायच्या, आणि हात तसाच ठेवला तर रेकॉर्डिंगमधली घूं कमी व्हायची. हे लक्षण दिसलं की अर्थिंगची भानगड समजायची. मग एकेक वायर काढून बघत गेलो. सेट टॉप बॉक्सची डिशवरून येणारी केबल काढली आणि १०० चा सुळका एकदम बसला. एचडीएमआयमधून टीव्ही, टीव्हीतून सेट टॉप बॉक्स, तिथून गच्चीवरची डिश, असा घूंला पूर्ण रस्ता तयार झालेला. आता क्लासच्या वेळी ती केबल काढलेली असते आणि बाबांची मॅच त्यांच्या मोबाईलवर चालते, त्यावरून घरात जे बोलणं होतं ते इथे नको. वायरमनला बोलावून बोर्डाचं अर्थिंगही बघून घेतलं, अर्थिंगची तार तोडून आत दुमडून ठेवलेली होती, जुन्या घरात नवल नाही.

चिर्रसाठी आधी माईक बूस्ट बघितला, म्हणजे माईकचा आवाज वाढवायची विंडोजमधली सेटिंग. तो ३० डीबीवर होता, म्हणजे तीसेक पट मोठं, आणि त्यात आवाजाबरोबर कचराही तेवढाच मोठा होतो. १० वर आणून माईक तोंडाजवळ घेतला, फरक पडला पण पूर्ण गेली नाही. शेवटी यूएसबी साउंड कार्ड घेतलं, हजाराच्या आतलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावलं की चालू. ते सरळ डब्याच्या पोर्टात न खुपसता हातभर एक्स्टेन्शन वायरवर लांब ठेवलंय आणि तेवढ्यानंच चिर्र गेली. अजून एक, डब्यावरचं एकच भोक हेडफोन आणि माईक दोन्हीचं असतं, त्याला पिनेवर तीन काळे पट्टे असलेला माईक लागतो, दोन पट्ट्यांचा लावला तर ओळखतच नाही आणि माणूस तासभर सेटिंग उलटीपालटी करत बसतो. यूएसबी कार्डावर माईकचं गुलाबी भोक वेगळं आहे, तिथे दोन पट्टेवालाच लावा.

आता ड्रायव्हर. त्याचा त्रास झाला नाही असं नाही. एका अपडेटनंतर साउंड चिपचा ड्रायव्हर आपोआप बदलला आणि ऑडिओ एन्हान्समेंट (आवाजावर आपोआप होणारे इफेक्ट) पुन्हा चालू झाली, स्पीकरचा आवाज डबक्यातून आल्यासारखा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक करायला, म्हणजे जुना ड्रायव्हर परत आणायला गेलो तर ते बटण दाबताच येईना. मग अपडेट ड्रायव्हर, स्वतः निवडतो, आणि यादीतून साधा हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस घेतला. त्यात फॅन्सी काही नाही, तेच बरं.

पण खरी मजा पुढेच. घूं गेली, चिर्र गेली, आई खूश, आणि क्लासमध्ये एक मुलगी विचारते, "ताई, तानपुरा बंद केला का?" इकडे तानपुरा मस्त चालू. कॉलवाल्या सॉफ्टवेअरची नॉइज काढायची पद्धत अशी की जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा समजायचा आणि पुसायचा. तानपुऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहणं! झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स असा पर्याय आहे, तो चालू करा, पण मग हेडफोन घालावाच लागतो नाहीतर प्रतिध्वनी घुमतो. आणि तानपुरा कॉम्प्युटरवरच लावत असाल तर विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स टॅब बघा, कॉल सुरू झाला की बाकी आवाज ८० टक्के कमी करा असं तिथे आधीपासून निवडलेलं असतं. डू नथिंग करा. आईनं शेवटी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटीच माईकशेजारी ठेवली, तिला ते स्क्रीनवर हुडकत बसणं पटतच नाही.

एकूण डबा चांगला, त्याचा माईकचा जॅक मात्र टाकाऊ. फक्त बोलायला हवा असेल तर बूस्ट कमी करून भागेल, गाणं, अभिवाचन, पॉडकास्ट असलं काही असेल तर यूएसबी कार्डाचे पैसे आधीच धरून चाला. अजून एक कटकट शिल्लक आहे, कार्ड दुसऱ्या पोर्टात लावलं की विंडोज त्याला नवीन समजतं आणि कॉलमध्ये माईक पुन्हा निवडावा लागतो. त्या पोर्टाला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीये.