फिल्म स्कॅनर आणि सॉफ्टवेअर: बरेच महिने वापरल्यानंतर

घरातल्या जुन्या ३५ मिमी निगेटिव्हसाठी आणि थोड्या स्लाइड्ससाठी मी खास फिल्मचा स्कॅनर घेतला. गेले बरेच महिने तो जवळजवळ रोज चालू असतो. पट्टी होल्डरमध्ये बसवायची आणि एकेक फ्रेम हाताने पुढे सरकवायची, असा हा प्रकार. धूळ-ओरखडे ओळखणारं इन्फ्रारेड आहे, ऑटोफोकस नाही. इतक्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की चांगल्या स्कॅनचं अर्ध्याहून जास्त काम स्कॅनचं बटण दाबण्याआधीच होतं, आणि राहिलेल्यातलं बरंचसं स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर पडल्यावर.

आधी स्कॅनरच्या खोक्यावर छापलेल्या रिझोल्यूशनच्या आकड्याबद्दल. ७२०० डीपीआय म्हणजे सेन्सर इंचाला तितके नमुने घेतो. लेन्स तेवढा तपशील पकडते का, हा प्रश्न वेगळा. यूएसएएफ १९५१ ही बारीक रेघांची चाचणीपट्टी स्कॅन करून बघितली की खरं काय ते दिसतं. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय ७२०० सांगतो आणि प्रत्यक्षात सव्वातीन हजारांच्या आसपास देतो. एप्सन व्ही६०० हा फ्लॅटबेड (कागद ठेवतात तसा सपाट काचेचा स्कॅनर) ६४०० सांगतो, हाती पडतात दीड-एक हजार. निकॉनचे कूलस्कॅन ५००० आणि ९००० हे ४००० सांगायचे आणि जवळपास तेवढंच द्यायचे, म्हणून बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक ते शोधत असतात.

हा फरक रोजच्या कामात फाइलच्या आकारात जाणवतो. २४ बाय ३६ मिमीची फ्रेम ७२०० ला घेतली की साधारण ६९ मेगापिक्सेलची होते आणि १६ बिट रंगीत टिफ ४०० एमबीच्या वर जाते. तीच ३६०० ला घेतली तर १७ मेगापिक्सेल, शंभरेक एमबी. मी बहुतेक सगळं ३६०० लाच घेतो. मोजके लाडके फोटो मात्र ७२०० ला घेऊन नंतर निम्म्यावर आणतो. त्यात तपशील किंचित जास्त टिकतो आणि सावलीतला नॉइजही (रवाळ ठिपके) कमी होतो. सगळ्या रोलसाठी तेवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरी मेख सपाटपणात आहे. ऑटोफोकस नसलेल्या स्कॅनरमध्ये लेन्स ठरावीक अंतरावर फोकस केलेली असते, त्यामुळे पट्टीला बाक आला असेल तर फ्रेमचा मधला भाग धारदार आणि कडा मऊ येतात. हे तपासताना माणसांचे चेहरे बघू नका. मूळ फोटोच हललेला असेल तर चेहरा काहीच सांगणार नाही. फाइल १०० टक्क्यांवर उघडा आणि चारही कोपऱ्यांत ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, बघा. ग्रेन सगळीकडे सारखा टोकदार असेल तर स्कॅन जमला. एका कोपऱ्यात तो लापशीसारखा झाला असेल तर पट्टी काढून पुन्हा बसवा. गुंडाळी करून ठेवलेले रोल मी स्लीव्हमध्ये घालून काही दिवस जड पुस्तकांखाली ठेवतो आणि मगच हात लावतो. या एका सवयीने जेवढी तीक्ष्णता मिळाली तेवढी कुठल्याही सेटिंगने मिळाली नाही. फ्लॅटबेड वापरणाऱ्यांनी होल्डरची उंची बदलून बघावी. एप्सन व्ही८५० च्या होल्डरला ती सोय आहे. फिल्म सरळ काचेवर मात्र ठेवू नये, न्यूटनच्या कड्या (रंगीत वलयं) उमटतात. काचच हवी असेल तर अँटी-न्यूटन घ्यावी.

धुळीसाठी रबरी ब्लोअर आणि सुती हातमोजे. ब्लोअर मारताना पट्टी उभी धरायची, म्हणजे उडालेली धूळ परत तिच्यावर बसत नाही. चिकट डाग असेल तर चकचकीत बाजूने, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने, अगदी हलक्या हाताने. इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, मंद बाजूला मी हात लावत नाही.

उरलेलं काम इन्फ्रारेड करतं, आणि ते कसं चालतं हे कळलं की त्याच्या मर्यादाही कळतात. रंगीत फिल्म धुताना त्यातली चांदी निघून जाते आणि फक्त रंगद्रव्य उरतं. रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातं, पण धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात. त्यामुळे सॉफ्टवेअरला दोषांचा आयता नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा आजूबाजूच्या माहितीने भरता येते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं, म्हणून तिथे अख्खा फोटो ओरखडा ठरतो. इलफर्डची एक्सपी२ ही कृष्णधवल फिल्म याला अपवाद, कारण ती रंगीत निगेटिव्हसारखी सी-४१ या प्रक्रियेत धुतली जाते. कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मवरही इन्फ्रारेडचा भरवसा नाही. रंगीत निगेटिव्हवर मी ते सगळ्यात हलक्या पातळीवर ठेवतो. जोर वाढवला की पापण्या, जाळी, कापडाची वीण असल्या बारीक गोष्टी पुसट व्हायला लागतात.

आता सॉफ्टवेअर. मी व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट ही स्कॅनिंगची दोन सॉफ्टवेअर वापरली. नवीन माणूस वैतागतो तो इथे. एकाच खोलीत पाठोपाठ काढलेले दोन फोटो घ्या. ऑटोवर स्कॅन केले तर मागची भिंत एकात निळसर, दुसऱ्यात पिवळट. दोष फिल्मचा नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे उलटवतं (निगेटिव्हचं सरळ चित्र करतं), आणि दुसऱ्या फोटोत कोणी लाल कपड्यात उभं असेल तर तो लाल 'दुरुस्त' करायला बघतं. निगेटिव्हचा नारिंगी थर संपूर्ण रोलला जवळपास सारखाच असतो, तेव्हा तो एकदाच मोजायला हवा. व्ह्यूस्कॅनमध्ये याची नीट सोय आहे. रोलच्या टोकाचा प्रकाश न लागलेला भाग प्रीव्ह्यूमध्ये घ्यायचा, त्यावर चौकट ठेवायची, 'लॉक एक्स्पोजर' करायचं, पुन्हा प्रीव्ह्यू घ्यायचा आणि मग 'लॉक फिल्म बेस कलर'. त्यानंतर सगळा रोल एका सुरात येतो. सावलीत काढलेला फोटो थंड दिसतो, संध्याकाळचा उबदार दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा.

सिल्व्हरफास्टचा पडदा पहिल्यांदा बघितला की दडपण येतं. पण त्याच्या नेगाफिक्स या निगेटिव्ह उलटवणाऱ्या भागात वेगवेगळ्या फिल्मसाठी तयार प्रोफाइल आहेत आणि इन्फ्रारेडचं काम मला तिथे जास्त नाजूक वाटलं. अडचण परवान्याची: सिल्व्हरफास्टचा परवाना स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेला असतो, व्ह्यूस्कॅनचा एकच परवाना अनेक स्कॅनरना चालतो. कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलेले कितीतरी जुने स्कॅनर व्ह्यूस्कॅनमुळे आजच्या संगणकावर चालतात. त्यासाठी मी त्या सॉफ्टवेअरचा ऋणी आहे.

दोन्हींपैकी काहीही वापरा, शार्पनिंग, ग्रेन कमी करणं आणि ऑटो कॉन्ट्रास्ट बंद ठेवा. हिस्टोग्रामची (उजेड-काळोखाच्या आलेखाची) दोन्ही टोकं मोकळी राहू द्या. फाइल फिकी, निर्जीव दिसेल, आणि तशीच हवी. कापलेली सावली आणि जळलेलं आभाळ नंतर परत आणता येत नाही, कॉन्ट्रास्ट मात्र केव्हाही वाढवता येतो. महत्त्वाच्या रोलचे मी कच्चे, म्हणजे न उलटवलेले, स्कॅनही ठेवतो, व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ डीएनजी, सिल्व्हरफास्टमध्ये इन्फ्रारेडसकट ६४ बिट एचडीआरआय. पुढेमागे उलटवण्याचं आणखी चांगलं साधन आलं तर पट्ट्यांना पुन्हा हात लावायला नको.

स्लाइडचं तंत्र निराळं. तिच्या सावल्या फार दाट असतात, तिथे मल्टी-एक्स्पोजरचा (एकच फ्रेम कमी-जास्त प्रकाशात दोनदा स्कॅन करून जोडण्याचा) खरोखर उपयोग होतो. निगेटिव्ह मुळात पातळ असते, तिच्यावर ते लावून फक्त वेळ जातो, आणि दोन फेऱ्यांत पट्टी केसभर जरी हलली तरी तपशील मऊ होतो. स्लाइडच्या रंगांसाठी आयटी८ टार्गेटने (ठरलेल्या रंगांच्या नमुना-स्लाइडने) स्कॅनरचं प्रोफाइल करून घ्यावं. कोडाक्रोमला त्याचं वेगळं टार्गेट लागतं.

स्कॅनर घेऊ की कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने निगेटिव्हचे फोटो काढू, असं बरेच जण विचारतात. १:१ ची चांगली मॅक्रो लेन्स, ९५ च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचं माप) असलेला दिवा आणि पक्का स्टँड असेल तर कॅमेरा कितीतरी पट झपाट्याने रोल संपवतो. पण तिथे इन्फ्रारेड नाही. माझ्याकडे रंगीत निगेटिव्हच जास्त आहेत आणि त्यांच्यावर ओरखडेही भरपूर, म्हणून मी स्कॅनर सोडलेला नाही. कृष्णधवल रोलांचा ढीग असता तर बिनदिक्कत कॅमेरा घेतला असता.