बालू २ : पाटीसाठी झकास, बारीक मजकुरासाठी नको

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बालू हा जाड, गोलसर आणि मऊ टोकांचा देवनागरी फॉन्ट. मूळ बालूत एकच जाड वजन (अक्षराची जाडी) होतं. 'बालू २'मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशी पाच वजनं आहेत. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. परवाना खुला असल्यामुळे पाटी, पॅकिंग, लोगो, कशालाही चालतो; नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही.

अक्षरं न नाचवता, सरळ उभी ठेवूनही हा फॉन्ट खेळकर वाटतो, ही त्याची खरी कमाई. कोल्हापुरात मिसळीची पाटी, आइस्क्रीमची गाडी, खेळण्यांचं दुकान, बालवाडीच्या प्रवेशाचा फ्लेक्स, इथे तो शोभतो. दहा बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर एक्स्ट्राबोल्डमध्ये नुसतं 'मिसळ' टाका, रस्त्यापलीकडून वाचता येईल. खालच्या दरपत्रकाला मात्र रेग्युलर किंवा मीडियमच घ्या. जाड वजन लहान आकारात छापलं की क्ष, द्ध, ष्ठ यांच्या पोटातली जागा शाईने बुजते. मसाल्याच्या पुडीवरचा घटकांचा मजकूर तर यात लावूच नये.

छापण्याआधी 'तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं ताट' एवढं टाइप करून बघा. 'ऱ्या'साठी साधा र नव्हे, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो. नाहीतर रफार येऊन 'पांढर्या' होतं. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात. आणि श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराला बालू लावला की सगळा गिचमिडा दिसतो. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती शिरोरेषेपाशी. प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. काळ्या भरीव अक्षरात ते कळत नाही, पण पिवळ्या अक्षराला लाल आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर उभी लाल चीर उमटते. व्हिनाइलच्या स्टिकरवर तर प्लॉटर, म्हणजे अक्षरं कापणारं मशीन, तिथेच ब्लेड फिरवतं आणि शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून मजकूर पक्का झाला की आधी कर्व्ह्ज करा (अक्षरांचं चित्रात रूपांतर), मग अख्खा शब्द निवडून वेल्ड करा, म्हणजे सगळे आकार जोडून एक करा, आणि आउटलाइन त्यानंतरच द्या. कर्व्ह्ज केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा टाइप केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. प्रेसला कर्व्ह्जची फाइल गेली की तिथल्या मशीनवर फॉन्ट नसला तरी अडत नाही.

दोन ओळींची पाटी असेल तर ओळींमधलं अंतर हाताने कमी करावं लागतं, मुळात ते बरंच मोकळं आहे. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना टेकणार नाहीत, इतकंच ओढा.

लग्नपत्रिकेला हा फॉन्ट जड पडतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर तो अजिबात लावू नका, तिथे साधं, काटेकोर वळणच हवं.