महाराजा क्लब की ब्लूचिप?

एअर इंडियाचा महाराजा क्लब म्हणजे पूर्वीचा फ्लाइंग रिटर्न्स, विमानप्रवासावर पॉइंट्स देणारी आणि त्यांतून पुढचं तिकीट घेऊ देणारी योजना. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट्सही इकडेच आले. क्लबचं खरं बळ स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. 2014 पासून एअर इंडिया या गटात आहे, त्यामुळे साठलेले पॉइंट्स लुफ्तान्झा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या तिकिटालाही लावता येतात. मुलं परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांना मी हाच सुचवेन.

इंडिगोची अशीच योजना, ब्लूचिप, 2024 मध्ये आली. इंडिगो अशा कुठल्याही गटात नाही. पण नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून देशातच वारंवार ये-जा असेल, तर तिची विमानं जास्त म्हणून पॉइंट्स वापरण्याची संधीही जास्त. दोन्हीकडे आता अंतरापेक्षा तुम्ही मोजलेल्या पैशाला महत्त्व आहे. स्वस्तातलं तिकीट शोधणाऱ्याची झोळी हळूहळूच भरते.

आता क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवल्यास मिळणाऱ्या बोनसच्या जाहिरातींबद्दल, कारण माणसं तिथेच फसतात. समजा तिकीट 6,000 रुपयांचं, त्यात कर 1,000. कर खिशातून भरून उरलेल्यासाठी 10,000 पॉइंट्स लागले, तर एक पॉइंट 50 पैशांचा. उद्या त्याच तिकिटाला 12,500 मागितले की तो 40 पैशांवर येतो. मग ‘25 टक्के जादा पॉइंट्स’ ही सवलत फक्त तेवढा खड्डा बुजवते. म्हणून क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स तिकीट ठरल्यावरच विमान कंपनीकडे वळवा. एकदा गेले की सहसा परत येत नाहीत.