शुगरसाठी चालणं की मेथी-दालचिनीच्या कॅप्सूल?

धुळ्याच्या मावसभावाला नुकतीच टाइप टू शुगर निघाली, तो विचारतोय की चालायला वेळ नाही, कॅप्सूलवर भागेल का? डब्यावर काय छापलंय ते सोडून दोन्ही समोरासमोर ठेवतो.

खर्च. चालायला फक्त बूट, पण चांगले घे भाऊ, शुगरमध्ये पायाची जखम लवकर भरत नाही. कॅप्सूलचा खर्च दर महिन्याला, आणि मेथीदाणे तर किराणा दुकानात सुटे मिळतात.

असर म्हणशील तर चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, फायदा साधारण 24 तास तरी टिकतो म्हणून सलग दोन दिवस खाडा नको, आठवड्याला 150 मिनिटं धर. शेवभाजी-भाकरी झाली की आडवं न होता 10-15 मिनिटं गल्लीत फिर, साखर कमी चढते. मेथीतल्या फायबरमुळे साखर हळू शोषली जाते हे खरं, पण पुरावा थोडा, दालचिनीचा तर त्याहून कच्चा.

मेहनत चालण्यातच जास्त, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, तेव्हा पहाटेच उरक.

ग्लिमेपिराइड (शुगर खाली आणणारी गोळी) चालू असेल तर दोन्हींनी शुगर एकदम खाली येऊ शकते, खिशात ग्लुकोज ठेव आणि कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

तुझ्यासारख्या नव्याने निघालेल्याला चालणंच. गुडघे धरलेल्यांना सायकल किंवा बसल्या जागेचा व्यायाम. मेथी आवडत असेल तर जोडीला, डॉक्टरांच्या गोळ्यांच्या बदल्यात नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनी मात्र व्हिटॅमिन बी-12 तपासून घ्यावं, कमी निघालं तर त्याची गोळी खरंच कामाची.